बालुबेच्या लेकी

बालुबे द्यु रुए हा तांबूस रंगाचा घोडा १९८९ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीत जन्मला आणि २०१७ मध्ये, वयाच्या २८व्या वर्षी गेला. अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या खेळात, म्हणजे शोजंपिंगमध्ये, त्याच्याइतका गाजलेला आणि त्याच्याइतका चर्चेत राहिलेला स्टॅलियन (खच्ची न केलेला नर घोडा) सहज सापडणार नाही. ब्राझीलचा रॉड्रिगो पेसोआ त्याचा स्वार, पोर्तुगालचा डिओगो कुतिन्हो त्याचा मालक. १९९८ साली हेलसिंकी, १९९९ साली गोथेनबर्ग आणि २००० साली लास व्हेगास, असे लागोपाठ तीन वर्षं विश्वचषकाचे अंतिम सामने या जोडीने जिंकले. एकाच घोड्यावर सलग तीनदा हे पुढे कुणालाच जमलं नाही.

या घोड्याने मागे काय ठेवलं, यावर माझ्या ओळखीच्या मामा-भाचीचं पटत नाही. मामा पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर आयुष्यभर शर्यतीच्या घोड्यांचे डॉक्टर होते. भाची शोजंपिंगचे घोडे तयार करते आणि मुलांना शिकवते. मामांचा भरवसा रक्तावर, भाचीचा माणसाच्या हातावर. त्यांचं बोलणं इथे देतो आहे. मधे जिथे मला राहवलं नाही तिथे मीही बोललो आहे.

मामा: तू आधी कागद बघ. आल्मे १९६६ चा. त्याचा मुलगा गालुबे १९७२ चा. गालुबेचा मुलगा आपला बालुबे. फ्रान्समध्ये दर वर्षाला एक अक्षर ठरलेलं असतं, त्या वर्षीच्या शिंगराचं नाव त्याच अक्षराने सुरू होतं. नाव वाचलं की जन्मसाल कळतं. आल्मेची पैदास पुढे एवढी गाजली की युरोपातल्या कितीतरी चांगल्या उडी मारणाऱ्या घोड्यांच्या वंशावळीत तो कुठे ना कुठे भेटतो. गालुबे स्वतः १९८२ साली डब्लिनला विश्वविजेत्या फ्रेंच संघात होता. आणि नातू ऑलिंपिक विजेता. याला काय योगायोग म्हणायचं?

भाची: योगायोग कोण म्हणतंय, मामा? पण तू कागदाची वरची ओळच वाचलीस. गालुबेची आई विती. तिचा बाप निस्टाग. तो कोण होता सांग.

मामा: ट्रॉटर होता.

भाची: ट्रॉटर! मागे हलकी गाडी जोडून दुडक्या चालीने शर्यत पळणारा घोडा. त्याच्याकडून उडीची अपेक्षा कुणी केली असती? आणि हे एकदाच झालेलं नाही. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये प्येर द्युराँला सुवर्ण मिळवून देणारा जाप्पलू, त्याचा बापही ट्रॉटरच. काळा, बुटका घोडा. स्टड फार्मवर उभा असता तर तू त्याच्याकडे वळूनही बघितलं नसतंस.

मामा: बघितलं नसतं, मान्य. आम्ही शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचे लोक. आमच्या स्टड बुकात बाहेरचा थेंब चालत नाही. पण अगं, हेसुद्धा रक्ताचंच काम झालं. ट्रॉटरकडून छाती आली, दम आला, मागच्या पायांचा धक्का आला. तो आल्मेच्या उडीला जाऊन मिळाला. मी रक्त म्हणतो तेव्हा शुद्ध रक्त म्हणत नाही. जे उतरतं ते म्हणतो.

भाची: मग जे उतरत नाही त्याचंही बोलू या. नेल्सन पेसोआ नसता तर बालुबे कुठे असता? रॉड्रिगोचे वडील. ब्राझीलहून युरोपात येऊन, बेल्जियमला पागा मांडून बसलेला माणूस. त्यांच्या हाताखाली तो घोडा घडला. तापट, अंगात मावत नाही एवढी ताकद, लगाम खेचला की अधिकच चिडणारा. असे किती स्टॅलियन तीन वर्षांचे असतानाच खच्ची होतात, नाहीतर एखाद्या घाईच्या स्वाराच्या हातात पडून वाया जातात! तुझ्या कागदावर त्यांची नोंदच नसते. जो घोडा चांगल्या हातात पडला त्याचंच रक्त तुम्ही नंतर थोर ठरवता.

भाचीचा हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. आपण यशस्वी घोड्याच्या वंशावळीत मागे मागे जातो आणि तिथे कारण सापडल्याचं समाधान मानतो. त्याच आई-बापाची जी शिंगरं कुठेच पोहोचली नाहीत, त्यांची वंशावळही अक्षरशः तीच असते. ती कुणी छापत नाही.

मामा: बरं, सिडनीचं काय करशील? २००० चं ऑलिंपिक. शेवटचा दिवस, वैयक्तिक अंतिम सामना. ब्राझीलला त्या सबंध ऑलिंपिकमध्ये एकही सुवर्ण नव्हतं. अख्खा देश दूरदर्शनसमोर बसलेला. पहिल्या फेरीत बालुबेने एकही दांडी पाडली नाही. दुसरी फेरी तशीच केली की सुवर्ण. आणि तो अडथळ्यासमोर थांबला. पेसोआने वळवून पुन्हा आणला, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा थांबल्यावर त्या वेळच्या नियमाने बाद. तीन जणांमध्ये फेरलढत झाली आणि हॉलंडचा येरुन दुब्बेलदाम जिंकला. ब्राझील सुवर्णाशिवाय घरी गेलं. ही खोड होती की नाही?

भाची: खोड नव्हती. नकार होता.

मामा: सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घेणाऱ्याला जाऊन असं सांग! तिथे लोक भोवरे बघतात, दात बघतात, चाल बघतात, आणि मग हळूच विचारतात, अडतो का? अडणाऱ्या घोड्याची किंमत तिथल्या तिथे उतरते.

भाची: मामा, ऑलिंपिकमध्ये घोडा एकदाच उडी मारत नाही. आठवडाभर फेऱ्या चालतात. संघाच्या वेगळ्या, वैयक्तिक वेगळ्या. सिडनीला ब्राझीलने सांघिक कांस्य मिळवलं, तेही फ्रान्सशी फेरलढत करून. त्यात बालुबे होता. त्यानंतर ही अंतिम फेरी. एक मीटर साठपर्यंत उंचीचे अडथळे, जोडीने आणि तिहेरी मांडलेले, मधे एक किंवा दोन ढांगांचं अंतर. तिथे घोडा अर्ध्या हाताने चुकीच्या जागी पोहोचला तर त्याच्यापुढे दोनच पर्याय असतात, अडथळ्यात जाऊन पडायचं किंवा थांबायचं. एकदा चूक झाली की विश्वास डळमळतो. दुसऱ्यांदा थांबण्याचं कारण पहिल्या थांबण्यात असतं. मी शिकवते त्या मुलांना हे रोज दिसतं. घोडा थांबला की मुलं चाबकाकडे बघतात. मी म्हणते, आधी मागच्या चार ढांगा आठव.

मामा: म्हणजे दोष पेसोआचा?

भाची: दोष कुणाचा हे मी इथे बसून कसं सांगू? पण एवढं नक्की सांगते. तीच जोडी चार वर्षांनी अथेन्सला उभी राहिली. घोडा तोवर १५ वर्षांचा झालेला. जगासमोर तीनदा थांबलेला. आणि तो उडी मारत गेला. खोड रक्तात असती तर ती कुठे गेली? तिच्यावर चार वर्षं कुणीतरी काम केलं. रोज. कॅमेरा नसताना.

मामा: अथेन्सचं सुवर्णही सरळ नव्हतं.

भाची: नव्हतं. त्या दिवशी पेसोआला रौप्य मिळालं. सुवर्ण आयर्लंडच्या किअन ओकॉनरला. पुढे ओकॉनरच्या घोड्याच्या, वॉटरफर्ड क्रिस्टलच्या तपासणीत बंदी असलेली द्रव्यं सापडली, पदक काढून घेतलं गेलं आणि २००५ मध्ये पेसोआच्या गळ्यात सुवर्ण पडलं.

मामा: त्या संध्याकाळचं मला दुसरंच आठवतं. रौप्य कुणाला, हे ठरवायला पेसोआ आणि अमेरिकेचा क्रिस कॅप्लर यांच्यात फेरलढत झाली. कॅप्लरचा घोडा रॉयल कॅलिबर, तोही स्टॅलियन. फेरी चालू असताना तो दुखावला, कॅप्लरने तिथेच थांबवलं. त्याच वर्षी शरद ऋतूत तो घोडा गेला. एकाच मैदानावर एकाच वेळी दोन घोडे. एक २८ वर्षं जगला, त्याची शिंगरं देशोदेशी पोहोचली. दुसऱ्याला काही महिनेही मिळाले नाहीत. डॉक्टर म्हणून सांगतो, वारसा म्हणतात त्याचा मोठा भाग म्हणजे धडधाकट राहणं. बालुबे टिकला. पंधराव्या वर्षी ऑलिंपिकला पायांवर उभा होता. सांधे, शिरा, खुर, हे सगळं टिकलं. हे तरी रक्ताचं मानशील?

भाची: हे मानते. आणि चांगल्या नालबंदाचंही मानते.

यानंतर बोलणं पैदाशीकडे वळलं. माझ्या मते या घोड्याचा खरा प्रश्न इथेच सुरू होतो. थोडी पार्श्वभूमी हवी. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांमध्ये कृत्रिम रेतनाला जगभर बंदी आहे. घोडा आणि घोडी प्रत्यक्ष एकत्र आली तरच शिंगराची नोंद होते. शोजंपिंगच्या घोड्यांना ही अट नाही. वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवून ठेवता येतं, विमानाने कुठेही पाठवता येतं. स्टॅलियन स्वतः एका देशात स्पर्धा खेळत असतो आणि त्याच आठवड्यात तिसऱ्याच देशातली घोडी त्याच्यापासून गाभण राहते. घोडा मेल्यावरही हे चालू राहतं.

मामा: आमच्या फार्मवर एक स्टॅलियन एका हंगामात किती घोड्या लावणार याला त्याच्या अंगाची मर्यादा होती. बालुबेला ती नव्हती. म्हणून तर त्याची पोरं फ्रान्समध्ये, जर्मनीत, हॉलंडमध्ये, सगळीकडे. आणि गंमत बघ, सिडनीनंतरही पैदास करणारे थांबले नाहीत. त्यांनी घोड्या पाठवल्याच. त्यांना त्याची ताकद हवी होती. डोकं तापट निघालं तर सांभाळू, असा हिशेब.

भाची: मला हाच हिशेब पटत नाही. डोकं सांभाळायचं कुणी? पैदास करणारा शिंगरू विकून मोकळा होतो. मग ते कुणाच्या तरी हातात येतं, आणि त्या माणसाकडे पेसोआंची पागा नसते. बालुबेच्या पोरांबद्दल घोडेवाल्यांत म्हणतातच, उडी अफाट, पण प्रत्येकाने बसावं असा घोडा नाही. स्टॅलियन निवडताना स्वभावाला उडीइतकंच वजन दिलं पाहिजे. नाहीतर आपण असे घोडे जन्माला घालतो ज्यांना घडवायला पुरेशी माणसंच नाहीत.

मामा: इथे मी तुझ्या बाजूला. फार्मवर माझे दोन मोतद्दार असल्याच घोड्यांनी जायबंदी केलेले मी पाहिले आहेत.

भाची: मग आता त्याचे नावाजलेले वारस सांग.

मामा: शामान. जर्मनीच्या लुडगर बेरबाउमचा घोडा. आणि बालू द्यु रुए, जर्मनीत ओल्डेनबुर्गकडे पैदाशीला उभा राहिलेला मुलगा. त्याने तर स्वतःची वेगळी शाखा उभी केली.

भाची: दोन्ही मुलगेच सांगितलेस. आता माझी यादी ऐक. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या संघाने सुवर्ण जिंकलं. त्या संघात रॉजे-यीव्ह बोस्ट ज्या घोडीवर होता तिचं नाव सिडनी ऊन प्रँस. बालुबेची मुलगी. पेसोआच्या देशात, बालुबेच्या मुलीच्या गळ्यात सुवर्ण. दुसरी बियांका. २०१८ च्या जागतिक स्पर्धेत ट्रायॉनला स्टीव्ह गेर्दाने तिच्यावर वैयक्तिक कांस्य मिळवलं. तू म्हणालास त्या बालू द्यु रुएची ती मुलगी, म्हणजे बालुबेची नात. आणि तिसरा, सगळ्यांत मोठा, एक्स्प्लोजन डब्ल्यू. टोकियो ऑलिंपिक, २०२१ मध्ये झालेलं. बेन माहरला वैयक्तिक सुवर्ण. या घोड्याचा बाप चाको-ब्लू. बालुबे त्याच्या आईचा बाप.

मामा: म्हणजे नातूच की. मुलीचा मुलगा.

भाची: मुलीचा मुलगा, आणि खच्ची केलेला. त्याच्यापासून पुढे काही होणार नाही. म्हणजे बालुबेच्या घराण्यातलं दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण आलं ते एका अशा घोडीतून, जिचं नाव घोड्यांचा खेळ बघणाऱ्या दहा माणसांतल्या नऊ जणांना सांगता येणार नाही. तिने त्याला अकरा महिने पोटात वाढवलं. सहा महिने पाजलं. तिच्या बाजूला चालत तो चालायला शिकला. आपण मात्र म्हणतो, चाको-ब्लूचा मुलगा, बालुबेचा नातू.

मामा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग जे बोलले ते त्यांच्या आयुष्यभराच्या कामातून आलेलं होतं.

मामा: आता मी तुला एक सांगतो, हे तू शोजंपिंगवाल्यांना जाऊन सांग. शर्यतीच्या घोड्यांच्या लिलावाचा कॅटलॉग कधी नीट वाचलास? वर दोन-तीन ओळी बापाच्या. त्याखाली अख्खं पान आईचं. तिचं कितवं शिंगरू कुठे जिंकलं. मग आजी. मग पणजी. घेणारे पैसे मोजतात ते या खालच्या पानासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रूस लो नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने थरोब्रेडच्या माद्यांच्या घराण्यांना क्रमांक दिले. त्याची सगळी मतं पुढे टिकली नाहीत, पण क्रमांक आजही वापरतात. जर्मनीत होल्स्टाइनवालेही तेच करतात, माद्यांचीच घराणी मोजतात. कारण सोपं आहे. स्टॅलियनची शेकडो शिंगरं असतात. त्यातली पाच नामांकित निघाली तर त्याला थोर म्हणतात. घोडीला वर्षाला एक. बारा शिंगरांपैकी दोन चांगली निघाली तर ती घोडी किती मोठी, याचा हिशेबच कुणी करत नाही.

भाची: आता तर भ्रूण दुसऱ्या घोडीत ठेवून एका घोडीची वर्षाला अनेक शिंगरं काढतात.

मामा: काढू देत. तरीही स्टॅलियनशी बरोबरी नाही. आणि अजून एक, हे तुझ्या वादाला उपयोगी पडेल. घोड्याचं एक्स गुणसूत्र त्याला आईकडून येतं. ते तो आपल्या मुलांना देत नाही, देऊच शकत नाही. फक्त मुलींना देतो. बालुबेचं एक्स मेझांज द्यु रुएकडून आलेलं. मेझांज म्हणजे त्याची आई, स्टार्टरची मुलगी. नावातलं म अक्षर १९७८ चं. ते गुणसूत्र शामानकडे गेलं नाही. बालू द्यु रुएकडेही गेलं नाही. ते सगळंच्या सगळं सिडनी ऊन प्रँसकडे गेलं. आणि एक्स्प्लोजनच्या आईकडे गेलं.

भाची: म्हणजे टोकियोला जिंकलेल्या घोड्यात मेझांजच्या त्या गुणसूत्राचा काही भाग असण्याची शक्यता आहे.

मामा: शक्यता आहे. त्या वाटेने येण्याची शक्यता फक्त लेकींच्याच पोरांना. मुलग्यांच्या वाटेने ती संपली.

मामांनी भाचीचा मुद्दा भाचीपेक्षा पक्का करून दाखवला, पण त्यामुळे रक्ताचा पक्ष हरला असं मला वाटत नाही. उलट तो अधिक खरा झाला. उडीची ताकद वारशाने येते, याबद्दल आता शंका नाही. किती येते, कशातून येते आणि वाढताना त्यातलं किती टिकतं, हे मात्र एकट्या बापाच्या नावावरून कळत नाही. बालुबेची जाहिरात करताना तीन विश्वचषक, अथेन्सचं सुवर्ण आणि त्याचे मुलगे सांगितले जातात. सिडनीतला नकार वगळतात, मेझांज वगळतात, लेकी वगळतात. ज्याला त्याच्यापासून शिंगरू हवं होतं, त्याला नेमकी याच तीन गोष्टींची माहिती सर्वांत जास्त उपयोगाची होती. सिडनीवरून स्वभाव कळला असता. मेझांजवरून मागचं घराणं कळलं असतं. आणि लेकींवरून, पुढे कुठली वाट धरायची ते.

भाची: तरी मी माझ्या मतावर आहे, मामा. मेझांज कितीही थोर असो, अथेन्सच्या आधीची चार वर्षं तिने घोड्यावर काम केलं नाही.

मामा: आणि रॉड्रिगो पेसोआला गाढवावर बसवलं असतं तर त्याने अथेन्स जिंकलं नसतं. सोड. तुझं काम तू कर, माझं मला करू दे. पण एक मान्य कर, की आपण दोघंही आजवर फक्त बापाबद्दल भांडत होतो.

भाचीने ते मान्य केलं. वाद तिथे संपला असं नाही, पण माझ्यापुरतं उत्तर मिळालं. बालुबे द्यु रुए थोर घोडा होता, आणि तो थोर पिता ठरला तो मुख्यतः लेकींमुळे.

आपल्याकडे हा प्रश्न लांबचा वाटण्याचं कारण नाही. भीमेच्या खोऱ्यातल्या भीमथडी घोड्याला अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली. मराठ्यांच्या घोडदळाचा हा घोडा आज मुख्यतः मेंढपाळ आणि भटक्या समाजांच्या हाती टिकून आहे, आणि त्याच्या वंशावळीच्या नोंदी आता कुठे सुरू होत आहेत. ज्यांच्या हातात ते काम आहे त्यांना माझी विनंती आहे. नोंदवहीत घोड्याच्या नावाआधी घोडीचं नाव लिहा. तिच्या आईचं लिहा. तिची सगळी शिंगरं लिहा, चांगली निघालेली आणि न निघालेली. कोण अडतं, कोण चावतं, कोण लंगडलं, तेही लिहा. पन्नास वर्षांनी जो कुणी ती वही उघडेल, त्याला फक्त गाजलेल्या नरांची नावं सापडू नयेत.